ट्रायपॉस, गणितीय : भाग तीन

केंब्रिज विद्यापीठातील गणिताचा एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. 1934 पासून तो ‘भाग तीन’ या नावाने ओळखला जातो. बाहेरून येऊन उपयोजित गणित निवडणाऱ्यांना 2011 पासून ‘मास्टर ऑफ ॲडव्हान्स्ड स्टडी’ ही पदवी मिळते. केंब्रिजच्याच पदवीधरांना ‘मास्टर ऑफ मॅथेमॅटिक्स’ मिळते.

वर्ग ऑक्टोबर ते मार्चपर्यंत चालतात. प्रत्येक विषयाची 16 किंवा 24 व्याख्याने होतात. द्रायुयांत्रिकी, व्यापक सापेक्षता, पुंज क्षेत्र सिद्धांत, संख्यात्मक विश्लेषण असे विषय विद्यार्थी स्वतः निवडतो. सगळ्यांना सक्तीचा असा एकही विषय नाही. या मोकळिकीतच खरी कसोटी आहे. व्याख्याने थेट संशोधनाच्या वेशीपर्यंत नेतात, त्यामुळे मोजके विषय घेऊन ते मुरवणेच हिताचे. परीक्षा मे-जूनमध्ये होतात. एका प्रश्नपत्रिकेऐवजी दीर्घ निबंधही लिहिता येतो. स्वतंत्र वाचनाची सवय लावणारा हा निबंध सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल.

उपयोजित विषयांचे अध्यापन मुख्यतः 1959 मध्ये जॉर्ज बॅचलर यांनी उभारलेल्या उपयोजित गणित व सैद्धांतिक भौतिकी विभागाकडे आहे. बॅचलर स्वतः द्रायुयांत्रिकीचे अभ्यासक होते आणि विभागात त्या विषयाची परंपरा आजही बळकट आहे.

जयंत विष्णू नारळीकर (1938–2025) यांनी 1959 मध्ये ट्रायपॉसमध्ये ‘सीनियर रँग्लर’चा, म्हणजे पहिल्या क्रमांकाचा मान मिळवला. 1960 मध्ये भाग तीनमध्ये त्यांना खगोलशास्त्रासाठीचे टायसन पदक मिळाले. पुढे फ्रेड हॉईल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी विश्वरचनाशास्त्रात संशोधन केले.