एका खोलीतले सोबती

जून महिना उजाडला की आपल्या धर्मग्रामांतून पेट्या निघतात. श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर, नेवासे या तालुक्यांतील कुटुंबे आपल्या मुलामुलींना नगरच्या, पुण्याच्या, क्वचित मुंबईच्या वसतिगृहांत पोचवून येतात. खोलीचे भाडे किती, मेसचे पैसे किती, पाणी वेळेवर येते की नाही, याची बारकाईने चौकशी होते. आपले मूल कोणाच्या सोबतीने राहणार आणि त्या सोबत्यांनी आपापसांत कसली मंडळे बांधली आहेत, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. इतिहासाची पाने चाळताना आम्हांला वाटते, की हा प्रश्न भाड्याच्या आधी विचारला जावा. कारण ज्या दोन मिशनांनी नगर जिल्ह्यात ख्रिस्ताची वार्ता आणली, त्या दोन्ही मिशनांचे मूळ शोधत गेले असता शेवटी विद्यार्थ्यांच्या एका लहानशा मंडळापाशी येऊन थांबावे लागते.

पहिली कथा आपल्या परिचयाची आहे. १५२९ मध्ये पॅरिस विद्यापीठाच्या सेंट बार्ब महाविद्यालयात एका खोलीत तिघे राहू लागले. पीटर फेबर हा सावॉयच्या एका शेतकऱ्याचा मुलगा. फ्रान्सिस झेवियर हा नावार प्रांतातील सरदार घराण्यातला. दोघेही तेविशीचे. तिसरा विद्यार्थी त्यांच्यापेक्षा सुमारे पंधरा वर्षांनी मोठा, लढाईत पाय जायबंदी झालेला: इग्नेशियस लोयोला. फेबर त्याला ॲरिस्टॉटल समजावून देई आणि तो फेबरला आत्मिक जीवनाचे धडे देई. झेवियर पुष्कळ दिवस त्याला दाद देत नव्हता. वाचकांना एक गोष्ट कदाचित ठाऊक नसेल. इग्नेशियसभोवती जमणारी मुले रविवारच्या वादसभा सोडून प्रार्थनेला जाऊ लागली, तेव्हा महाविद्यालयाच्या प्रमुखांनी त्याला सर्वांसमक्ष फटके मारण्याची शिक्षा ठरविली होती. इग्नेशियसने त्यांची भेट घेऊन आपली बाजू मांडली आणि मग त्याच प्रमुखांनी त्याची क्षमा मागितली. आज आम्हांला ती शिक्षा अन्यायाची वाटते. पण एका वयस्क माणसाने कोवळ्या मुलांना भोवती गोळा करून त्यांचे वेळापत्रक मोडावे, हे पाहून कोणत्याही दक्ष प्राचार्याच्या कपाळाला आठी पडलीच असती.

१५ ऑगस्ट १५३४ रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, माँमार्त्रच्या टेकडीवरील चॅपेलमध्ये सात सोबत्यांनी व्रत घेतले. त्यांच्यात धर्मगुरू एकटा फेबर होता. मिस्सा त्यानेच अर्पण केली. १५४० मध्ये पोप तिसरे पॉल यांनी येशूसंघाला मान्यता दिली आणि १५४२ च्या मे महिन्यात झेवियर गोव्याच्या किनाऱ्याला लागले. त्याच संघाचे जर्मन फादर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केंदळच्या परिसरात काम करू लागले.

दुसरी कथा आपल्या प्रोटेस्टंट बंधूंची आहे, आणि ती आपल्या घरांत क्वचितच सांगितली जाते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात विल्यम्स नावाचे एक लहान महाविद्यालय आहे. १८०६ च्या ऑगस्टमध्ये तेथील पाच विद्यार्थी उघड्यावर प्रार्थनेसाठी जमले असता वादळ आले आणि त्यांनी गवताच्या गंजीचा आडोसा घेतला. आशिया खंडातील लोकांपर्यंत शुभवर्तमान न्यावे, ही कल्पना त्या आडोशाला निघाली. सॅम्युअल मिल्स हा त्यांचा म्होरक्या. १८०८ च्या सप्टेंबरमध्ये मिल्स आणि त्याच्या सोबत्यांनी एक संघ स्थापन केला व त्याचे नाव ठेवले 'ब्रेदरन', म्हणजे बंधुगण. हा संघ पूर्णपणे गुप्त होता. त्याची घटना सांकेतिक लिपीत लिहिलेली होती आणि संघ अस्तित्वात आहे हेदेखील बाहेर कळता कामा नये, असा नियम होता. परदेशी जाण्याच्या आड येईल असे कोणतेही वचन सभासदाने कोणाला दिलेले असू नये, अशीही अट होती. (लग्न ठरलेल्या तरुणांची त्यामुळे पंचाईत झाली असेल, हे उघड आहे.)

इतकी लपवाछपवी कशासाठी? मिल्स आणि मंडळींना भय होते ते उपहासाचे. समुद्रापार मिशनरी पाठविण्याची कल्पना त्या काळच्या अमेरिकेत नवखी होती. चार पोरांचा वेडेपणा म्हणून ती हसण्यावारी गेली असती, तर पुढे कोणी ती उच्चारलीही नसती. पण गुप्ततेला त्यांनी आपले घर केले नाही. अँडोव्हरच्या धर्मविद्यालयात गेल्यावर १८१० च्या जूनमध्ये ते आपल्या मंडळीच्या वडीलधाऱ्यांपुढे उघडपणे अर्ज घेऊन उभे राहिले. अर्जावर आधी सहा नावे होती. इतकी माणसे एकदम पाहून वडीलधारी बिचकतील म्हणून दोन नावे खोडण्यात आली. त्या अर्जातून 'अमेरिकन बोर्ड' ही मिशनसंस्था जन्मली. तिने पाठविलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले, आणि १८३१ मध्ये त्यांच्या मराठी मिशनने अहमदनगरला ठाणे घातले. नगरच्या शाळा, छापील पुस्तके, आणि मिशनच्याच परंपरेत वाढलेल्या डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये उभारलेले अहमदनगर कॉलेज या सर्वांची नाळ अशा रीतीने त्या गवताच्या गंजीशी जुळते. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. तेथील वसतिगृहांत आज राहणाऱ्या मुलांना या सांकेतिक लिपीतल्या संघाचा पत्ताही नसेल.

एवढे वाचून एखादा पालक म्हणेल, की मग विद्यार्थ्यांची मंडळे ही चांगलीच गोष्ट आहे. तसे म्हणण्याआधी विल्यम्सची पुढची हकीकत ऐकावी लागेल.

अमेरिकन महाविद्यालयांत ग्रीक अक्षरांची नावे घेतलेली बंधुमंडळे निघू लागली होती. १७७६ चे 'फाय बीटा कॅपा' हे त्यांतले पहिले. ते पुढे गुप्तता सोडून विद्वानांचा गौरव करणारी संस्था बनले. १८२५ पासून मात्र निराळा प्रकार सुरू झाला. स्वतःचे घर, स्वतःचे भोजनगृह, गुप्त शपथ, खुणेचे हस्तांदोलन, आणि कोणाला आत घ्यायचे व कोणाला नाकारायचे याचा सर्वाधिकार. विल्यम्समध्येही ही मंडळे इतकी माजली, की विद्यार्थ्याने कोठे जेवावे, कोठे झोपावे आणि कोणाशी बोलावे हे महाविद्यालयाऐवजी तीच ठरवू लागली. अखेर चौकशी समितीच्या शिफारशीवरून १९६२ मध्ये विल्यम्सच्या विश्वस्तांनी ही पद्धत बंद करण्याचा निर्णय घेतला. ज्या महाविद्यालयात 'बंधुगण' जन्मले, त्यालाच दीडशे वर्षांनी बंधुमंडळांना दार दाखवावे लागले.

कॉर्नेल विद्यापीठाचे उदाहरण तर एकाच अंगणात ऊन आणि सावली दाखविणारे आहे. तेथे १८७३ मध्ये एका नव्या विद्यार्थ्याला बंधुमंडळात दाखल करून घेण्याच्या विधीत डोळे बांधून रात्री रानात नेण्यात आले, आणि खोल दरीत पडून तो मृत्यू पावला. त्याच कॉर्नेलमध्ये १९०६ साली सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी 'अल्फा फाय अल्फा' हे आपले मंडळ काढले. गोऱ्यांच्या घरांचे दरवाजे त्यांना बंद होते. परक्या गावात एकट्या पडलेल्या मुलांना अभ्यासाची आणि धीराची सोबत हवी होती. मार्टिन लूथर किंग पुढे त्याच मंडळाचे सभासद झाले. आपलेच लोक एकत्र आले म्हणजे ते संकुचित, असा निकाल घाईने देऊ नये, हे या सात मुलांकडे पाहून कळते.

आपल्याकडे हाच प्रश्न जातीच्या रूपाने आला. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १८९६ मध्ये सर्वांसाठी म्हणून एक वसतिगृह काढले होते, पण खेड्यातील बहुजन मुलांना त्याचा लाभ मिळेना. तेव्हा त्यांनी १९०१ पासून एकेका समाजाची बोर्डिंगे उभी केली: मराठा, जैन, मुस्लिम, पुढे ख्रिस्तीसुद्धा. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. ज्याला कोठेच जागा नव्हती त्याला आपल्या माणसांत जागा मिळाली, आणि तेथून शिकलेली एक पिढी बाहेर पडली. या उपकाराचे मोल कमी लेखता येणार नाही.

पण भिंत आधार देते तशी अडवतेही. भाऊराव पाटील त्या वेळी कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले. परतल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला, आणि त्यांना जैन बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. ज्या घराने त्यांना शिक्षणासाठी छप्पर दिले, त्याच घराने, शेजारच्या घरी पाऊल टाकले म्हणून, ते काढून घेतले. भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढले. तेथे सर्व जातींची मुले एका चुलीवरचे अन्न एका पंगतीत बसून खात. मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. शाहूंनी निरनिराळी घरे बांधली; भाऊरावांनी त्यांच्यामधल्या भिंती काढल्या, आणि तरीही नाव शाहूंचेच दिले, यात आम्हांला मोठी समज दिसते. रयतेची महाविद्यालये आज आपल्या जिल्ह्यातही आहेत आणि आपली कित्येक मुले तेथे शिकतात.

आपल्या मिशन बोर्डिंगांचा इतिहास अजून नीट लिहिला गेलेला नाही, ही खंत येथे नमूद केलीच पाहिजे. पहाटेची घंटा, चॅपेल, शेतातले काम, मोठ्या मुलाने धाकट्याला पाढे म्हणवून घेणे, आणि पन्नास वर्षांनंतरही लग्नाकार्यात "हा आमच्या बोर्डिंगचा" म्हणून करून दिलेली ओळख. आमच्या मते हे बंधुमंडळच होय, फक्त त्याला ग्रीक नाव नव्हते. ज्या जर्मन फादरांनी आपल्याकडे शाळा चालविल्या, त्यांच्या मायदेशी विद्यापीठांतील बंधुमंडळांत तलवारीने एकमेकांच्या तोंडावर वार करण्याची प्रथा होती, आणि गालावरचा व्रण भूषण म्हणून मिरविला जाई. तेथील कॅथलिक विद्यार्थ्यांनी १८५५-५६ च्या सुमारास आपली वेगळी मंडळे काढली ती द्वंद्वयुद्ध साफ नाकारून. ख्रिस्तसभेने द्वंद्वाला मनाई केलेली होतीच. पण भ्याड म्हणवून घेण्याची तयारी ठेवून वीस वर्षांच्या मुलांनी ती पाळली. त्याआधी १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या विसाव्या वर्षाच्या विद्यार्थ्याने सोबत्यांसह गरिबांच्या घरी जाण्याचा नेम सुरू केला. तीच आपल्या धर्मग्रामांतली संत विन्सेंट डी पॉल सोसायटी. नव्या सभासदाची परीक्षा तेथेही होत असे, मात्र ती कोणाच्या तरी अंधाऱ्या जिन्यावर सरपणाची मोळी चढविण्याची.

आपल्या वसतिगृहांत नव्याची परीक्षा निराळ्या नावाने आली: रॅगिंग. प्रथम ते थट्टेचे होते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. "आम्हीही सोसले, आमचे काय बिघडले?" हे वाक्य ज्याला सुचते त्याचे तेवढे तरी बिघडलेले असते, असे आमचे स्पष्ट मत आहे. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंग प्रतिबंधक कायदा केला. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दोषी विद्यार्थ्याला काढून टाकून पाच वर्षे अन्य संस्थेत प्रवेश नाकारण्याची तरतूद आहे. आणि तक्रार येऊनही स्वस्थ बसणाऱ्या संस्थाप्रमुखालाही गुन्ह्यास साहाय्य केल्याचा दोष लागतो. तरीही २००९ च्या मार्चमध्ये हिमाचल प्रदेशातील टांडा येथे वैद्यकीय शाखेचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी वरिष्ठांच्या मारहाणीनंतर मरण पावला. २०१९ च्या मे महिन्यात मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका आदिवासी डॉक्टर तरुणीने जीवन संपविले. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. आपल्या समाजातील बहुतेक घरे ज्या वाड्यावस्त्यांतून वर आली, ते आठवले म्हणजे ही बातमी परक्याची राहत नाही. आडनाव विचारून खोली ठरणे, खोलीवरून गट ठरणे आणि गटावरून पंगत ठरणे, हे सारे नव्या मुलाच्या पहिल्या आठवड्यातच उरकलेले असते.

टांड्याच्या त्या मृत्यूनंतर, २००९ मध्येच, विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम केले. त्यांनुसार प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याबरोबर आईवडिलांनाही प्रतिज्ञापत्र द्यावे लागते: आपल्या पाल्याने असे कृत्य केल्यास होणारी शिक्षा आम्हांला ठाऊक आहे. प्रवेशाच्या गर्दीत खिडकीपाशी उभ्या उभ्या, न वाचता, तो कागद भरला जातो. रात्री पेटी उतरवून झाली, की मुलाच्या खोलीत बसून तो एकदा मोठ्याने वाचावा, आणि शेजारच्या कॉटवरच्या मुलाचे नाव, गाव विचारून घ्यावे.