सेनापतिपदाची वस्त्रं

१८१७ सालचा नोव्हेंबर. तुम्ही लोधीखेड्यात आहात. संत्र्याच्या बागा शोधू नका. शिवारात ज्वारी उभी आहे, कपाशी फुटली आहे. मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. घोडं तुमचं स्वतःचं, म्हणजे तुम्ही शिलेदार. सरकारी घोड्यावर बसता तर बारगीर झाला असता आणि पगारही कमी मिळाला असता.

"काहून गा, नागपूरले निंगाला?" तांबट विचारतो. "रिकाम्या हातानं नोको जाऊ. कारकुनाले हे भांडं ने."

न्याच. सावनेरमार्गे नागपूर गाठलंत की कारकून घोड्याचा रंग, खोडी आणि तुमच्या कपाळावरचा व्रणसुद्धा वहीत उतरवून घेतो. उद्या भलतंच तट्टू दाखवून पगार उचलू नये, म्हणून. पण त्याआधी एक प्रश्न येतो: "तुम्ही कोणाकडचे?" नेम किती चांगला, हे कुणी विचारत नाही. भांडं मात्र गुपचूप आत जातं. त्याला दरबारखर्च म्हणतात.

कारकुनाला हसू नका. पुढे १८६१ मध्ये अमेरिकेत लिंकनसुद्धा माणूस कोणाकडचा ते पाहूनच नेमणुका करणार आहे. मॅसॅच्युसेट्सचा माजी गव्हर्नर बँक्स, लढाईचं शिक्षण नाही, तरी थेट मेजर जनरल. जर्मन मतदार सांभाळायला सिगेलला ब्रिगेडियर.

इथं तर धनीच वशिल्यावर बसलेले. दुसरे रघूजी १८१६ च्या मार्चमध्ये वारले. त्यांचा मुलगा परसोजी दुबळा. कारभार हाती राहावा म्हणून परसोजींचे चुलतभाऊ आप्पासाहेब यांनी मे महिन्यात इंग्रजांशी तह केला आणि वर्षाला साडेसात लाख रुपये देऊन त्यांची तैनाती फौज दारात घेतली. यंदा १ फेब्रुवारीला परसोजींचा खून झाला आणि आप्पासाहेब गादीवर आले. इंग्रजांच्या आधारावर बसलेल्या माणसाला आता पेशव्यांचाही आधार हवा आहे.

२४ नोव्हेंबर. गर्दीत पुढे सरका. पेशव्यांकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रं आप्पासाहेब भर छावणीत स्वीकारतात. जरीपटका झळकतो. इंग्रज रेसिडेंट जेंकिन्सला निमंत्रण होतं, तो आलेला नाही. आणि नेमणूक देणारे पेशवे बाजीराव? आठवड्यापूर्वीच पुणं सोडून पळालेत, शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण लागलंय. मराठ्यांचा सेनापती नेमायला आता राजधानी उरलीय कुठे!

२६ च्या संध्याकाळी सीताबर्डीच्या टेकडीवर तोफा सुरू होतात. तुमच्या बाजूला हजारोंची फौज, वर इंग्रजांचे जेमतेम तेरा-चौदाशे. सकाळी अरब धाकटी टेकडी घेतातही. हे भाडोत्री लोक खरंच लढतात. पण इंग्रजांकडचे फिट्झगेराल्डचे स्वार मैदानात घुसतात, टेकडी परत जाते, आणि दुपारपर्यंत फौज पांगते. वस्त्रं घेतलेले सेनापती स्वतः रणात उतरलेच नाहीत.

वर्षभराच्या आत गादीवर रघूजींचा अल्पवयीन नातू, आणि कारभार जेंकिन्सकडे. इंग्रजांच्या कैदेतून निसटलेले आप्पासाहेब महादेवाच्या डोंगरात लपले, म्हणजे तुमच्या गावाच्या उत्तरेलाच. शेवटी १८४० मध्ये जोधपुरात वारले. म्हणून शिलेदारी अजून हवीच असेल तर वाडा सोडा आणि सीताबर्डीला जेंकिन्सची कचेरी गाठा. नेमणुका आता तिथूनच होतात.