हिशेबाबाहेरचे मृत

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. त्या वर्षअखेरपर्यंत अंदाजे १ लाख ४० हजार माणसे मेली. अमेरिकेचे तेव्हाचे युद्धमंत्री स्टिम्सन यांनी १९४७ साली लेख लिहून हिशेब मांडला : जपानवर चढाई करावी लागली असती, तर दहा लाखांवर अमेरिकन सैनिक मृत वा जखमी झाले असते. आपल्याकडचेही कित्येक शहाणे हाच हिशेब पाठ म्हणतात.

पण मेलेल्यांत हजारो कोरियन होते. त्यांचा देश जपानने १९१० साली गिळला होता. कित्येकांना सक्तीने मजुरीला आणले होते. हे कोणाचे शत्रू? धन्याच्या गुन्ह्याची शिक्षा वेठबिगाराला! जपानच्या पराभवानेच कोरिया सुटला, हे मी नाकारीत नाही. परंतु त्या सुटकेची किंमत ह्यांनी भरावी, हे ठरवले कोणी? स्टिम्सनच्या खतावणीत त्यांचा रकानाच नव्हता.

आणि जपानने तरी काय केले? ह्या कोरियन मृतांचे स्मारक १९७० साली उभे राहिले, ते शांती-उद्यानाच्या हद्दीबाहेर, नदीपलीकडे. मेल्यावरही वेशीबाहेरच! ते उद्यानात यायला १९९९ साल उजाडावे लागले.