लोणारचे विवर : एका चुकीचा इतिहास

परभणीहून जिंतूर व मंठा या मार्गाने उत्तरेकडे निघालेली मोटार बुलढाणा जिल्ह्याच्या हद्दीत शिरली, की थोड्याच वेळात लोणार हे गाव लागते. इ.स. १९८१ पर्यंत मंठा-परतूरचा मुलूखही परभणी जिल्ह्यातच मोडत असे. त्यामुळे लोणार हे आम्हां परभणीकरांना कधी परके वाटलेच नाही. निजामाच्या अमलात परभणी, आणि इ.स. १८५३ नंतर इंग्रजांच्या ताब्यातील वऱ्हाडात लोणार, अशी राज्ये निराळी झाली. तरी यात्रेकरू, व्यापारी आणि पुढे शाळांच्या सहली यांनी ती सीमा फारशी मानली नाही.

गावाबाहेर थोडे चालून गेले म्हणजे पायाखालची जमीन एकाएकी संपते आणि समोर एक अवाढव्य वर्तुळाकार खळगा दिसू लागतो. काठापासून काठापर्यंत त्याचा व्यास सुमारे १८०० मीटर असून खोली सुमारे १५० मीटर आहे. उतारावर दाट झाडी, आणि तळाशी हिरवट रंगाचे खारे पाणी. हे दृश्य प्रथम पाहणारा मनुष्य काही क्षण बोलत नाही. मग तो एकच प्रश्न विचारतो : हे झाले कसे? आजच्या भाषणाचा विषय, या एका प्रश्नाला माणसाने वेळोवेळी दिलेली उत्तरे, हा आहे.

सर्वांत जुने उत्तर पुराणकथेचे. लवणासुर नावाचा दैत्य येथे भूमीच्या पोटात दडून राहत असे. श्रीविष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेतले, पायाच्या अंगठ्याच्या एका स्पर्शाने त्या बिळाचे झाकण उडविले आणि दैत्याचा वध केला. उडालेले झाकण दूर ढाकेफळजवळ जाऊन पडले व तेथे टेकडी झाली. सरोवराचे पाणी म्हणजे दैत्याचे रक्त आणि त्यातील क्षार म्हणजे त्याचे मांस, असे लोक सांगत. गावातील दैत्यसूदनाचे कोरीव देवालय या कथेची साक्ष म्हणून आजही उभे आहे. सरोवराच्या काठी कमळजादेवीचे स्थान आहे, आणि विवराच्या कडेवर गोमुखातून गोड्या पाण्याची धार पडते. खाऱ्या पाण्याच्या इतक्या जवळ गोडे पाणी, हाही यात्रेकरूंना एक चमत्कारच वाटत आला आहे.

दुसरे उत्तर, किंबहुना दुसरी दृष्टी, व्यवहाराची. अकबराच्या काळच्या ‘ऐन-इ-अकबरी’त लोणारचा उल्लेख काच व साबण यांस लागणाऱ्या द्रव्यांसाठी आला आहे. उन्हाळ्यात पाणी आटले म्हणजे काठावर क्षार साचत, ते गोळा करून विकले जात. दल्ला, निमकदल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी त्यांची प्रतवार नावे होती. विवर कसे झाले याची चौकशी या व्यापाऱ्यांनी केली नाही. क्षार उत्तम आहे की नाही, एवढेच त्यांना पाहावयाचे होते.

तिसरे उत्तर शास्त्राचे. आणि मौज अशी, की तेच दीर्घकाळ चुकीचे ठरले. इ.स. १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने हे स्थळ पाहिले. पुढे भूशास्त्रज्ञ येऊ लागले. सारे दख्खन ज्वालामुखीच्या काळ्या खडकाचे बनलेले आहे, तेव्हा हा गोल खळगाही ज्वालामुखीचेच मुख असला पाहिजे, अथवा भूगर्भातील वाफेच्या स्फोटाने उडालेला असला पाहिजे, असे त्यांना साहजिकच वाटले. इ.स. १८९६ मध्ये ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने लोणारचे साम्य अ‍ॅरिझोनातील एका मोठ्या विवराशी असल्याचे दाखविले. साम्य अचूक होते. परंतु त्याने ती दोन्ही वाफेच्या स्फोटाची कार्ये मानली. अ‍ॅरिझोनाचे ते विवर उल्केच्या आघाताने झाले, हे पुढे इ.स. १९६० च्या सुमारास निर्विवाद सिद्ध झाले. म्हणजे लोणारची किल्ली हाती आली होती, पण ती उलटी फिरविली गेली.

येथे मला माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. मी प्राथमिक शिक्षक. मॅट्रिकपर्यंतचे जे शिक्षण झाले त्यात आमच्या गुरुजींनी लोणार म्हणजे थंड झालेला ज्वालामुखी असे सांगितले होते, आणि मीही नोकरीच्या आरंभीच्या काळात मुलांची सहल घेऊन गेलो तेव्हा काठावर उभा राहून तेच मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले. तेव्हा सातवीतील एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, ज्वालामुखी असता तर याच्याभोवती डोंगर का नाही? आणि यातून निघालेला रस कोठे गेला?” मजपाशी उत्तर नव्हते. ‘पुष्कळ वर्षांत झिजून गेला असेल,’ असे म्हणून मी वेळ मारून नेली आणि सर्वांना धारेकडे चलण्यास सांगितले.

त्या मुलीचा प्रश्न नेमका होता. दख्खनचा काळा खडक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आहे, आणि तो मुख्यतः भूमीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून थरावर थर वाहून पसरला. शंकूसारख्या डोंगरांतून नव्हे. लोणारचे विवर त्या मानाने अगदी अलीकडचे. त्याच्या भोवती नवा लाव्हा नाही, राख नाही. आहेत ते जुनेच थर. मात्र काठावर ते वर उचलले जाऊन बाहेरच्या बाजूस कललेले आहेत, जणू पिठाच्या राशीत दगड टाकल्यावर कड उठावी. काठ सभोवारच्या सपाटीहून सुमारे २० मीटर उंच आहे, आणि बाहेर फेकलेला मलबा चहूकडे पसरला आहे.

इ.स. १९६४ मध्ये लाफॉन्ड व डीट्झ या शास्त्रज्ञांनी हे उल्काविवर असावे असा पक्ष जोराने मांडला. त्यानंतर भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांनी सरोवराच्या तळाचा गाळ भेदून खोल वेध घेतले. खाली चुरडलेला, पुन्हा सांधलेला खडक मिळाला. त्यातील काही स्फटिकांची न वितळताच काच झालेली होती. अशी काच होण्यास लागणारा दाब कोणताही ज्वालामुखी देऊ शकत नाही. तो आकाशातून प्रचंड वेगाने येणारा पाषाणच देऊ शकतो. इ.स. १९७३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि वाद मिटला. म्हणजे मी काठावर उभा राहून चुकीचा धडा देत होतो तेव्हा खरे उत्तर छापून कित्येक वर्षे लोटली होती. मी ते शोधले नव्हते, एवढेच.

शास्त्राने आता सर्व काही सांगून टाकले आहे, असेही नाही. आघात केव्हा झाला याविषयी एका मापनाने सुमारे ५२ हजार वर्षे, तर इ.स. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मापनाने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे असे उत्तर दिले. जवळच अंबर नावाचे लहान तळे आहे. तेही त्याच उल्केच्या तुकड्याने झाले काय, यावर विद्वानांत एकमत नाही. चंद्राच्या पृष्ठावरील काळे प्रदेश याच जातीच्या खडकाचे असल्यामुळे तेथील विवरे समजून घेण्यासाठी अभ्यासक लोणारला येतात. इ.स. २०२० च्या जून महिन्यात सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा गावोगाव तर्क सुरू झाले; पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून सांगितले, की क्षार वाढल्याने खारटपणात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा हा रंग आहे.

आता जाऊ इच्छिणाऱ्यांस दोन शब्द. हिवाळ्यात जावे, सकाळी लवकर उतरावे, कारण चढण परतताना दम काढते. खाली मोर व वानरे भेटतील, झाडीत जुनी देवळे भेटतील. या परिसरास इ.स. २००० मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि इ.स. २०२० मध्ये सरोवराची नोंद रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांत झाली. तेव्हा खाण्याचे कागद तेथे टाकू नयेत आणि आठवण म्हणून दगड उचलून आणू नये. ते दगड म्हणजे या ग्रंथाची पाने आहेत. प्रत्येकाने एकेक फाडून नेले तर पुढच्याने वाचावे काय?

उतरण्यापूर्वी मात्र काठावर थोडे थांबावे, कललेले थर पाहावे, आणि बरोबरच्या मुलांना आधी काही न सांगता विचारावे, ‘तुला काय वाटते, हे कसे झाले असेल?’ त्यांच्या प्रश्नांनी आपली अडचण झाली तर ती होऊ द्यावी. पुढे अनेक वर्षे मी सहली नेल्या आणि प्रत्येक वेळी माझी जुनी चूक आधी सांगून मग खरे उत्तर सांगितले. पण जिने प्रश्न विचारला, तिला ते सांगावयाचे राहूनच गेले. ती वडिलांच्या बदलीबरोबर दुसऱ्या गावी निघून गेली होती. आज ती कोठे असेल ते मला ठाऊक नाही. कदाचित हे भाषण ती ऐकत असेल. तर बाई, तुझे बरोबर होते. तेथे रस कधी निघालाच नव्हता. जे आले ते वरून आले.