जुलाब, बाळ आणि गाजराचं सूप

"डॉक्टर, जुलाब लागलेत, सूप चालेल का?" पावसाळा सुरू झाला की हा प्रश्न दवाखान्यात रोज येतो. चालतं. पण कसलं सूप असं विचारलं की बहुतेक वेळा पाकिटातलं निघतं. म्हणून आज तुम्हाला एका जुन्या, घरच्या सूपची गोष्ट सांगतो.

1900 च्या सुमारास जर्मनीत जन्मलेल्या साधारण पाच बाळांपैकी एक बाळ वर्षाच्या आत दगावत असे. उन्हाळ्यात तर कहर. वरचं दूध उकाड्यात नासायचं, जुलाब लागायचे आणि दोन-तीन दिवसांत बाळ सुकून जायचं. अँटिबायोटिक्स नव्हती. डॉक्टर दूध बंद करून बाळाला नुसत्या चहाच्या पाण्यावर ठेवत. आधीच सुकलेलं बाळ, त्यात उपास!

अर्न्स्ट मोरो या बालरोगतज्ज्ञाने 1908 मध्ये यावर गाजराचं सूप सुचवलं. (आम्हा डॉक्टरांना हे नाव ठाऊक असतं ते 'मोरो रिफ्लेक्स'मुळे. तान्हं बाळ दचकून हात फैलावतं ना, तेच ते. सूप मात्र कुणी शिकवल्याचं मला आठवत नाही.) कृती अगदी साधी. अर्धा किलो गाजरं सोलून लिटरभर पाण्यात तास-दीड तास शिजवायची, घोटून गाळायची, आटलं तेवढं पाणी घालून पुन्हा एक लिटर करायचं आणि 3 ग्रॅम मीठ घालायचं. बस्स.

आता तुमच्या घरातलं ओआरएसचं पाकीट उलटून पाहा. एक लिटर पाण्यासाठी त्यात 2.6 ग्रॅम मीठ, 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम सायट्रेट असतं. अर्धा किलो गाजरात वीसेक ग्रॅम साखर आणि भरपूर पोटॅशियम असतं. मीठ मोरोंनी वरून घातलंच होतं. म्हणजे ते ओआरएसच्या बरेच जवळ पोहोचले होते, तेही कारण माहीत नसताना! आतड्यात ग्लुकोज मिठाला सोबत घेऊन आत शिरतं आणि त्यामागोमाग पाणी शोषलं जातं, हे 1960 च्या दशकात उलगडलं. शिजलेल्या गाजरातले काही घटक जंतूंना आतड्याला चिकटू देत नाहीत, असंही पुढे प्रयोगशाळेत दिसलं. पण तेवढ्या जोरावर सूपला औषध म्हणू नका.

याची खरी परीक्षा आपल्याकडे झाली. 1971 मध्ये बांगलादेश युद्धाच्या काळात पश्चिम बंगालच्या बनगाव इथल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याच्या सोड्याचं पाणी पिंपात भरून नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं, ते 3.6 टक्क्यांवर आलं.

एवढं होऊनही 1908 च्या आधीची चूक आपण सोडलेली नाही. गेल्या पावसाळ्यात एका दीड वर्षाच्या मुलाला आणलं होतं. 'पोटाला आराम' म्हणून घरच्यांनी दोन दिवस सगळं बंद केलेलं. डोळे खोल गेलेले, रडताना अश्रू नाहीत. त्याची आजी मात्र सगळ्यांच्या नकळत चमच्याचमच्याने मिठाची पेज पाजत होती. पोर तगलं त्यात त्या पेजेचा वाटा मोठा होता, हे मी घरच्यांना आजींसमोरच सांगितलं.

तेव्हा जुलाबात पहिलं ओआरएस. त्याच्या जोडीला मोठ्यांना आणि सहा महिन्यांवरच्या मुलांना पेज, मऊ भात, घोटलेलं सूप बिनधास्त द्या. गाजर, दुधी, लाल भोपळा, मूठभर मूगडाळ कुकरला चांगली शिजवा. मीठ बेताचं, वर लोणी-क्रीम नको. सहा महिन्यांखालच्या बाळाला गाजराचं सूप अजिबात देऊ नका, त्यातलं नायट्रेट त्याच्या रक्ताला झेपत नाही. त्याला फक्त आईचं दूध आणि सांगितलं असेल तर ओआरएस. लघवी कमी झाली, मूल सुस्तावलं, शौचात रक्त दिसलं किंवा पाजलेलं सगळं उलटून पडत असेल, तर सूप बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठा.

आणि उरलेलं सूप दुसऱ्या दिवशी मुलाला गरम करून देऊ नका. ताजं करा, लागतं किती!