पेन्सिलीची रेघ आणि पडद्यावरची पट्टी

सोलापूरच्या दक्षिणेला, विजापूर रस्त्याच्या बाजूने जुळे सोलापूर वाढले, तोवर काचेच्या प्लेटवर चेहरा उमटवण्याचा जमाना केव्हाच सरला होता. त्यामुळे इथल्या लग्नाच्या अल्बमपासून चौकातल्या वाढदिवसाच्या डिजिटल फलकापर्यंत सगळीकडे दिसणारा तुकतुकीत, सुरकुतीहीन चेहरा ही संगणकाचीच करणी वाटते. हा समज अर्धाच खरा आहे. फोटोतला चेहरा सुधारण्याचा धंदा स्टुडिओइतकाच जुना. नवी आहे ती सगळ्या चेहऱ्यांना एकच माप लावण्याची सोय. जुने टचिंग आणि आजचे स्किन स्मूदिंग यांतला हा फरक ध्यानात घेतला, तर सॉफ्टवेअरमधली गुळगुळीतपणा कमीजास्त करणारी पट्टी किती सरकवावी हेही ठरवता येते.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग निघाला. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या पहिल्या पिढीतले छायाचित्रकार. त्या काळच्या कलोडियन प्लेटवर निळ्या प्रकाशाचा परिणाम चटकन होई, तांबड्याचा जवळजवळ होतच नसे. परिणामी तांबूस पुटकुळी, वांग, उन्हाने रापलेला गाल हे सगळे प्रत्यक्षापेक्षा काळे उमटे. त्यात देवीचे वण तर घरोघरी. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण सापडला तोच मुळी १९७५ साली. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हवर पारदर्शक दिसतो. तिथे राळ आणि टर्पेंटाइनचा पातळ हात देऊन, मागून उजेड येणाऱ्या तिरक्या काचेवर निगेटिव्ह ठेवून, टोकदार शिसपेन्सिलीने बारीक रेघा भरल्या की छापताना तेवढा भाग उजळे. म्हणजे ही पेन्सिल बऱ्याच अंशी प्लेटचा दोष निस्तरत होती. डोळ्याला दिसणारा चेहरा कागदावर परत आणत होती. पुढे सर्व रंगांना दाद देणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळली, तेव्हा या कामामागचे तांत्रिक कारण संपले. सवय मात्र उरली.

यावर कोणी म्हणेल की जुना हातही काही कमी खोटा नव्हता. ते खरेच आहे. विल्यम जॉन्सन यांनी मुंबईच्या जातीजमातींवर १८६३ ते १८६६ या काळात जो सचित्र ग्रंथ काढला, त्यात स्टुडिओत टिपलेल्या माणसांना वेगळ्याच देखाव्यांवर नेऊन बसवले होते. गिऱ्हाइकाला खूश करण्यासाठी रंग उजळणे आणि वय उतरवणेही स्टुडिओंना नवे नव्हते. पण त्या खोटेपणाला हाताची मर्यादा होती. प्रत्येक रेघेला वेळ लागे, वेळेला पैसे पडत, आणि कोणता डाग काढायचा व कोणता तीळ ओळखीची खूण म्हणून ठेवायचा, याचा निर्णय समोरचा एक चेहरा पाहून घ्यावा लागे. कारागिराची नजर चुकली, तरी ती त्या चेहऱ्यापुरती चुके.

सॉफ्टवेअरमध्ये या टचिंगचे दोन फाटे झाले. २००२ साली फोटोशॉपच्या सातव्या आवृत्तीत हीलिंग ब्रश आला. आजूबाजूच्या त्वचेचा पोत घेऊन एकेक डाग भरणारे हे साधन पेन्सिलीचे थेट वारस आहे. दुसरा फाटा सबंध त्वचेला एकदम गुळगुळीत करणाऱ्या पट्ट्यांचा. २०१९ साली लाइटरूममध्ये आलेली टेक्स्चरची पट्टी उणे बाजूला नेली की मध्यम आकाराचे बारकावे विरतात. सगळ्यात बारीक तपशील बऱ्यापैकी टिकतात, म्हणून ती जपून वापरली तर उपयोगी आहे. अडचण पुढेच येते. एकदा ठरवलेली सेटिंग लग्नाच्या शेकडो फोटोंना एका झटक्यात लावता येते. मग नवरीच्या गालासाठी धरलेले माप आजीच्या सुरकुत्यांनाही लागते आणि शेतात राबलेल्या मामाच्या रापलेल्या चेहऱ्यालाही.

‘लोकांनाच हे हवे असते’ हा सर्वांत जोरकस आक्षेप. स्टुडिओवाल्याने गिऱ्हाइकाला शिकवू नये, हे मान्य. पण ही मागणी आभाळातून पडलेली नाही. १९७५ साली बाजारात आलेल्या गोरेपणाच्या क्रीमने २०२० साली नावातला ‘फेअर’ काढला, तरी स्थळासाठीच्या फोटोतली उजळपणाची अपेक्षा गेलेली नाही. शिवाय गिऱ्हाइकाने ‘जरा साफ करा’ म्हटले, म्हणजे त्वचेचा पोत आणि वर्ण बदलण्याची परवानगी दिली असे होत नाही. नॉर्वेने २०२१ साली जाहिरातीतल्या सुधारलेल्या शरीरांवर तशी सूचना छापणे बंधनकारक करणारा कायदा केला. घरच्या अल्बमला असा कायदा नको. तिथे साधा क्रम पुरे. चार दिवसांनी जाणारी पुटकुळी ब्रशने काढावी, जन्मभराची खूण विचारल्याशिवाय काढू नये, गुळगुळीतपणाची पट्टी शून्यावरून चेहरा पाहत वाढवावी आणि वर्णाला हात लावू नये. प्लेट चेहरा काळवंडत होती, तेव्हा दुरुस्तीला कारण होते. आजचा कॅमेरा सावळा रंगही नीट टिपू शकतो, त्यामुळे त्या रंगात बदल करायचा तर त्याचे कारण आता बदल करणाऱ्यानेच द्यायला हवे.