समोरून उत्तर येईपर्यंत: रिमोट कॉलची गोष्ट

बटण दाबलं आणि अख्खं अ‍ॅप थिजलं, स्क्रोल होईना, बॅकसुद्धा चालेना, हा अनुभव तुम्हालाही आला असेल. आपण लगेच नेटला शिव्या घालतो. पण नेट मंद असणं वेगळं आणि त्यापायी अ‍ॅप थिजणं वेगळं. या थिजण्याचा इतिहास चाळीसेक वर्षांचा आहे, आणि आज तोच सांगायचाय.

आधी एक शब्द: ब्लॉकिंग कॉल. प्रोग्रॅमने दुसऱ्या मशीनला काही विचारलं आणि उत्तर येईपर्यंत तो त्याच ओळीवर थांबला. निरोप घेऊन गेलेला माणूस परत येईपर्यंत आपण उंबऱ्यात उभे, घरातली बाकीची कामं बंद.

कल्पना १९७० च्या दशकातली. पण तिला नीट आकार दिला कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्कमधल्या अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी, १९८४ च्या त्यांच्या पेपरमध्ये. नाव रिमोट प्रोसीजर कॉल, म्हणजे आरपीसी. दूरच्या मशीनवरचं फंक्शन अगदी आपल्याच मशीनवर असल्यासारखं बोलवायचं. नेटवर्कची कटकट प्रोग्रॅमरला दिसायलाच नको.

आता यातली गंमत बघा. उत्तराला उशीर झाला की त्यांची सिस्टीम समोरच्या मशीनला अधूनमधून विचारायची, बाबा आहेस ना? मशीन बंद पडलं किंवा संपर्क तुटला तर कॉल सोडून द्यायची. पण समोरून ‘आहे’ असं उत्तर आलं तर थांबायची, कितीही वेळ. समोरचा कोड स्वतःच कुठे अडकून बसला असेल तरीही! ही चूक नव्हती, ठरवून केलेली निवड होती. साध्या लोकल कॉलला वेळेची मर्यादा नसते, मग याला का हवी, असा त्यांचा युक्तिवाद. आणि कॉल मध्येच तोडायची सोय त्यांच्या भाषांमध्ये वेगळी होतीच. युक्तिवाद वाचताना पटतो, हीच खरी गोम आहे. त्यांच्याच मोजमापात साधा लोकल कॉल सुमारे ९ मायक्रोसेकंदांचा आणि रिमोट कॉल सुमारे ११०० चा होता. तेही लोकल इथरनेटवर, सगळं सुरळीत असताना.

याची फळं सनच्या एनएफएसमध्ये दिसली. दुसऱ्या मशीनवरच्या फाइल्स आपल्याच डिस्कवर असल्यासारख्या दिसायच्या. सर्व्हर बसला की ‘हार्ड माउंट’वाले प्रोग्रॅम लटकून राहायचे. ‘सॉफ्ट माउंट’ केलं तर थोड्या वेळाने एरर यायची, पण मध्येच अशी एरर येईल हे कित्येक प्रोग्रॅम्सच्या गावीच नसायचं, म्हणजे डेटा बिघडायची भीती. इकडे आड तिकडे विहीर. १९९४ मध्ये सनमधल्याच जिम वाल्डो आणि सहकाऱ्यांनी हेच उदाहरण घेऊन लिहिलं, की लोकल आणि रिमोट एकच आहे असं सोंग आणू नका.

सर्व्हरवर तर प्रकरण जास्त वाईट, कारण तिथे एकटा थांबत नाही. टॉमकॅट घ्या. त्यात डीफॉल्टने जास्तीत जास्त २०० थ्रेड. प्रत्येक रिक्वेस्ट मागच्या एका सर्व्हिसच्या उत्तरासाठी ५० मिलिसेकंद थांबते असं धरलं, तर सेकंदाला ४००० रिक्वेस्ट निघतील. तीच सर्व्हिस ३० सेकंद घ्यायला लागली की सेकंदाला सहा-सात! सीपीयू निवांत, मेमरी मोकळी, आणि साइट बंद. बरं, ती सर्व्हिस पूर्ण मेली असती तर लगेच एरर आली असती. मेलेल्यापेक्षा मंद जास्त महागात पडतो. यावर मायकल नायगार्ड यांनी २००७ च्या ‘रिलीज इट!’ पुस्तकात सर्किट ब्रेकरचा उपाय मांडला. घरातल्या एमसीबीसारखंच: सारखं फेल होतंय ना, मग काही काळ विचारूच नका.

फोनवर मात्र गूगलने सरळ दंडुका उगारला. २०११ च्या अँड्रॉइड हनीकोंबपासून, त्या आवृत्तीसाठी बनवलेल्या अ‍ॅपने मेन थ्रेडवर नेटवर्क कॉल केला तर थेट एक्सेप्शन. त्या थ्रेडवर स्क्रीन काढायचं काम चालतं, तिथे नेटची वाट बघत थांबायचं नाही. नव्या पोरांना हा नियम छळ वाटतो, मला तो फार आवडतो.

सर्व्हरच्या कोडला असा दंडुका कोणी दाखवत नाही. पायथनची लोकप्रिय रिक्वेस्ट्स लायब्ररी, जावाचं जुनं एचटीटीपीयूआरएलकनेक्शन: टाइमआउट तुम्ही स्वतः लिहिला नाही, तर दोघांचंही डीफॉल्ट अजून १९८४ चंच आहे. थांबा, कितीही वेळ.